पेटी आणि पडदा

१

कपाट उघडलं तेव्हा मला आधी बिस्किटांचा डबा दिसला. त्याच्यामागे कोऱ्या मतपत्रिकांचा गठ्ठा, शिक्का, शाईची बाटली, लाखेची कांडी, दोऱ्याचं रीळ. सगळं जागच्या जागी होतं. फक्त मतपेटी नव्हती.

मी कपाट बंद केलं आणि पुन्हा उघडलं. घाबरलेला माणूस असल्या गोष्टी करतो. पेटी तरीही नव्हती.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे माझी काय अवस्था झाली ते कळेल. मी जन्माची काळजीखोर. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या जिन्यावरून परत येते. नवरा म्हणतो, चिंता करायला काही नसलं की तू त्याचीच चिंता करतेस. अशा बाईला सरकारने नागरिक सभेची समन्वयक नेमलं होतं. निवडणुकीची पद्धत बदलायची बोलणी देशात कित्येक वर्षं नुसती चाललीच होती. शेवटी कुणाला तरी सुचलं की ज्यांना मत द्यायचंय त्यांनाच विचारून बघावं. मग मतदारयादीतून चिठ्ठ्या काढून तेरा गावांतून तिघं-तिघं निवडली. नर्स, गवंडी, केस कापणारा, दोन आज्या, एक पेट्रोलपंपाचा मालक, असा सगळा गोतावळा सुट्टीत रिकाम्या पडलेल्या एका प्रशिक्षण संस्थेच्या वसतिगृहात आणून ठेवला.

या मंडळींनी तज्ज्ञांची भाषणं ऐकली, प्रश्न विचारून तज्ज्ञांना घाम फोडला, आपसात भांडली, रुसली आणि पुन्हा एकाच टेबलावर जेवली. शेवटी फळ्यावर सात मुद्दे उरले. प्रत्येक भागाचा स्वतःचा प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात जागा, स्थिर सरकार, बायकांना पुरेशा जागा, लहान गटांना आवाज, सोपी मतपत्रिका आणि नालायक निघालेल्याला परत बोलवायची सोय. नवा कायदा करताना यातलं आधी काय सांभाळायचं आणि नंतर काय, ते प्रत्येकाने एक ते सात आकडे घालून सांगायचं. सभा जो क्रम देईल त्यावरूनच मसुदा होईल, असं सरकारने कबूल केलं होतं.

मतदान काल संध्याकाळी झालं. मोजणी आज चारला, पत्रकारांसमोर. एकेक कागद कॅमेऱ्याखाली धरून भिंतीवरच्या पडद्यावर मोठा करून दाखवायचा, म्हणजे कुणाला शंका नको. ही सूचना पंपवाले भाऊंची. तिच्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, सगळ्यात मोठ्याने मी. मतदान संपतं न संपतं तोच त्या पडद्याच्या यंत्राची वायर कुठेतरी गडप झाली, तेव्हा मी संस्थेच्या प्रयोगशाळेतून दुसरी मिळवली आणि जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं की काळजी नको, पडद्याची सोय झाली आहे. मला वाटलं, कालच्या दिवसाची काळजी तिथेच संपली.

कपाटासमोर उभी असताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मी कपाट नुसतं ओढून उघडलं होतं. दाराआडच्या खिळ्यावर किल्ली नव्हती.

२

"पोलिसांना बोलवू?" मी विमावाले काकांना विचारलं.

"बोलवा. चारपर्यंत त्यांच्या पंचनाम्याचं पहिलं पान होईल."

काका सभेचेच सदस्य, चिठ्ठीतून आलेले. जळालेली दुकानं आणि बुडालेल्या बोटी तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. विमा कंपनीने निरोप दिला तरी संशय घ्यायची सवय काही सुटली नव्हती. जेवणातली भाजीसुद्धा ते आधी चमच्याने उलटून बघत. सकाळी कंबर धरून ते कचेरीवरून चालले होते, त्यांनी माझा चेहरा बघितला आणि आत आले. मला कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

त्यांनी कपाटात डोकं घातलं. "कोरे कागद आहेत. शिक्का आहे. शाई आहे. ज्याला निकाल फिरवायचाय तो काय करील, ताई? सील फोडील, चार कागद बदलील, नवं सील लावील. सामान तर शेजारीच मांडून ठेवलंय तुम्ही. मग आख्खी पेटी कशाला नेली?"

"सभाच मोडायला."

"असेल. कुणाला मोडायचीय?"

मी क्षणाचाही विचार न करता उपसचिवांचं नाव घेतलं. सरकारकडून सभेवर देखरेख करायला तेच होते. लोकांना काय कळतंय, हे त्यांचं आवडतं वाक्य.

"ते काल इथे होते?"

"नाही. आज येतायत."

"मग चांगला संशयित वाया गेला," काका म्हणाले.

कुणाला कळू न देता आम्ही वसतिगृह धुंडाळलं. मंडळी दुपारनंतर घरी निघणार होती, तेव्हा खोल्या बघायला निमित्त होतंच. पलंगांखाली, न्हाणीघरांत, स्वयंपाकघरातल्या पिंपांमागे, सगळीकडे बघितलं. जिन्याखालच्या खोलीत धुवायला काढलेल्या मळक्या चादरींचा डोंगर पडला होता, बोळे करून फेकलेला. त्याच्या कडेला पाच-सहा चादरी मात्र कडेला कड जुळवून घडी करून ठेवल्या होत्या. चला, एवढ्या गोंधळात कुणाला तरी शिस्त आहे, असं माझ्या मनात आलं आणि मी पुढे गेले.

पेटी बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढी होती. एवढी वस्तू कुणी खिशात घालून नेत नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने शपथेवर सांगितलं की कालपासून बाहेर कुणीच गेलं नाही. म्हणजे पेटी आवारातच होती आणि चोरही आमच्याच पंगतीला बसून चहा पीत होता.

चहाच्या वेळी सर माझ्यासमोर बसले होते. सर म्हणजे आमचे तज्ज्ञ प्राध्यापक. मतांच्या प्रमाणात जागा हा त्यांचा जीव की प्राण. तो मुद्दा मागे पडला तर आपण जगून काय करायचं, असा त्यांचा चेहरा असे. चष्मा पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला आणि त्याबरोबर काहीतरी खणकन फरशीवर पडलं.

माझ्या कपाटाची किल्ली होती ती.

३

"बिस्किटं," सर म्हणाले. कान लाल झाले होते.

आम्ही त्यांना कचेरीत आणून दार लावून घेतलं होतं.

"काय बिस्किटं?"

"मला साखरेचा आजार आहे. घरी बायको डब्याला कुलूप घालते. इथे तुमच्या कपाटात डबा दिसला. सकाळी चहाच्या आधी आलो, चार खाल्ली, किल्ली चुकून खिशात राहिली. पेटी तेव्हाही नव्हती. मला वाटलं, तुम्ही सुरक्षित जागी हलवली असेल."

"आणि एक शब्द बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर बिस्किटांचंही सांगावं लागलं असतं."

माझा विश्वास बसेना. इतका शिकलेला माणूस चार बिस्किटांसाठी चोरासारखा येतो, हे मला पटत नव्हतं. काकांनी मात्र त्यांचा खिसा उलटा केला, चुरा तळहातावर घेतला, वास घेतला आणि किल्ली माझ्याकडे देऊन त्यांना जायला सांगितलं.

"खोटं बोलणारा माणूस याहून बरी सबब शोधतो," ते म्हणाले. "शिवाय याला निकालाची घाई आहे. पेटी लपवून याला काय मिळणार?"

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली आणि उपसचिव आले. मी लपवायचा प्रयत्न केला, पण मला खोटं बोलता येत नाही. माझी मान आपोआप खाली जाते. त्यांनी दोन मिनिटांत सगळं काढून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती नवीन कपड्यासारखी अंगाला बसत नव्हती. सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद कुणाला नाही होत?

"हे बघा बाई, चारला पेटी टेबलावर पाहिजे. नसेल तर मी पत्रकारांना सांगणार की सभा बरखास्त. मसुदा आमची समिती करील. लोकांना विचारून बघितलं. लोकांना एक पेटी सांभाळता आली नाही."

"पेटी लोकांनी नाही हरवली साहेब, माझ्या कपाटातून गेली."

"तेच म्हणतो मी. आणि चोर कोण, तेही सांगा मला. नावानिशी."

ते जेवायला गेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेरा गावांतून आलेली ही माणसं. एका आजीने तर भूलतज्ज्ञाची तारीख पुढे ढकलून गुडघ्याचं ऑपरेशन लांबवलं होतं. कुणी त्यांना आजवर काही विचारलंच नव्हतं आणि आता विचारून उत्तर कचऱ्यात टाकणार होते. मला रडू येत होतं आणि काका खिडकीशी उभे राहून कंबर चोळत होते.

"ताई, जळालेल्या दुकानात काय काय जळलं ते सगळे बघतात," ते म्हणाले. "मी बघायचो, त्याच्या आदल्या दिवशी कोण कशाला घाबरलं होतं. आपण सगळ्यांना एकेक करून बोलवू. निघण्यापूर्वीचा अभिप्राय म्हणून. मी एकच प्रश्न विचारीन."

"कुठला?"

"ऐकालच की."

४

पेटी हरवल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. माणसं एकेक करून कचेरीत येत होती, अभिप्राय देत होती, जेवण बरं होतं पण गाद्या कडक होत्या असं सांगत होती. मग काका अगदी सहज विचारत, "समजा, काही कारणाने मतदान पुन्हा घ्यावं लागलं तर?"

नर्स कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, पुन्हा? पहिलं आणि शेवटचं आठवतंय. मधल्यांना कोणते आकडे दिले देव जाणे."

गवंडी म्हणाला की आता तो तिसरा मुद्दा वर घेईल, काल रात्रभर त्याच विचारात होता. आजी म्हणाल्या, परत तेवढा विचार करायचा तर आधी चहा द्या. जवळजवळ सगळ्यांचं असंच. सात गोष्टी एका ओळीत लावायच्या म्हणजे माणूस अडखळणारच.

मग आले पंपवाले भाऊ. गोलमटोल, हसरे, येताना सगळ्यांसाठी पेरूंची पाटी आणणारे. पुढची निवडणूक लढवायचा त्यांचा विचार होता आणि तो त्यांनी लपवलाही नव्हता. मला ते मनापासून आवडत.

"घ्या की पुन्हा," ते म्हणाले. "आपलं काय जातंय? फक्त पडद्यावर दाखवायचं मात्र विसरू नका, ताई. आख्खा कागद. लोकांचा विश्वास महत्त्वाचा."

त्यांच्याच गावचे कंडक्टर दादा त्यांच्यामागून आले. बसमध्ये उभं राहायची सवय असलेला माणूस, खुर्ची दिली तरी टेकूनच उभा राहिला.

"पुन्हा मतदान? घ्या. मला काय, पाठ आहे."

"सगळा क्रम?" काकांनी विचारलं.

"तीन, एक, सहा, चार, सात, दोन, पाच." दादांनी तिकिटांचे टप्पे सांगावेत तसं एका दमात सांगितलं, मग एकदम जीभ चावली आणि दाराकडे बघितलं. "म्हणजे... असंच आपलं. जाऊ का मी?"

त्या गावच्या तिसऱ्या इस्त्रीवाल्या वहिनी. पंपाच्या आवारातच त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. सभेत त्या फार बोलत नसत. पण एकदा बोलल्या होत्या तेव्हा सरांनाही वही उघडावी लागली होती. आज त्या चहाचा कप हातात घेऊनच आल्या.

"पुन्हा घ्यावं लागलं तर?" काकांनी विचारलं.

वहिनींनी कप खाली ठेवला. "पुन्हा... पडद्यावर दाखवणार?"

"दाखवलं तर?"

"नाही, काही नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं आपलं."

त्या गेल्यावर काकांनी दार लावून घेतलं. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली.

"ताई, मला एक सांगा. स्वतःचं मत कुणी पाठ करतं का?"

५

मला काहीच कळेना. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

"नीट ऐका," काका म्हणाले. "सात मुद्दे ओळीत लावायचे प्रकार किती? मी सकाळी कागदावर मांडून बघितलं. पाच हजार चाळीस. आणि आपण माणसं एकोणचाळीस. म्हणजे दोघांचा आख्खा क्रम तंतोतंत जुळणं जवळपास अशक्य. आता मी जर तुम्हाला सांगितलं, स्थिर सरकार पहिलं लिहा, कारण मला ते हवंय, आणि बाकीचं अमुक एका क्रमाने लिहा, तर तो क्रम म्हणजे तुमची सही झाली. कागदावर नाव नाही, पण पडद्यावर तो क्रम आला की मी ओळखणार, बाईंनी ऐकलं. नाहीच आला तर?"

"बाईंनी ऐकलं नाही," मी म्हणाले.

"कंडक्टरने तीन आकडा पहिला सांगितला. फळ्यावर तिसरं काय आहे?"

मला बघायची गरज नव्हती. स्थिर सरकार. आणि शेवटचा पाच, म्हणजे लहान गट. ज्याला आपल्या भागातून एकट्याने निवडून यायचंय, त्याला लहान गटांची कटकट कशाला हवी?

"पण हे आपण गुप्त मतदान घेतलं होतं हो," मी म्हणाले. "आडोसा होता, पडदा होता."

"लिहिताना आडोसा होता. मग आपणच टाळ्या वाजवून ठरवलं की आख्खा कागद भिंतीवर लावायचा."

सगळ्यात मोठ्याने मी वाजवल्या होत्या.

"आता चोराकडे या," काका म्हणाले. "काल मतदान झाल्याबरोबर काय गेलं? पेटी नाही, वायर गेली. तुम्ही दुसरी वायर मिळवलीत आणि ढोल पिटून सांगितलंत. त्यानंतर पेटी गेली. चोराला निकाल नको होता असं नाही, ताई. त्याला पडदा नको होता. ज्याने सांगितलं तसं लिहिलं, त्याला पडद्याची कसली भीती? कंडक्टर निवांत आहे. भीती त्याला, ज्याने ऐकलं नाही."

"वहिनी," मी म्हणाले. "पण हा सगळा तुमचा तर्क झाला. पेटी कुठे आहे?"

"ते तुम्ही सांगायचं. मी म्हातारा, कंबर वाकत नाही, खालच्या खोल्या तुम्ही बघितल्यात. कुठे काही विचित्र दिसलं? घाण नाही म्हणत मी. उलट."

मी डोळे मिटले. न्हाणीघरं, पिंपं, जिना. आणि मग मी उठून उभीच राहिले.

धुवायला टाकायच्या मळक्या चादरींना घडी कोण घालतं?

६

जिन्याखालच्या खोलीत मी गुडघ्यांवर बसून त्या घड्या उचलल्या. सगळ्या कडा सरळ, कोपऱ्याला कोपरा, वरून हात फिरवून बसवलेल्या. ज्या बाईने हजारो कपड्यांच्या घड्या घातल्या, तिला घाईतसुद्धा बोळा करता आला नव्हता. शेवटच्या चादरीखाली, ढिगाच्या पोटात गार पत्रा लागला. पेटी होती. लाखेचं सील जसंच्या तसं.

"मला कळलं होतं तुम्ही येणार," मागून आवाज आला.

वहिनी दारात उभ्या होत्या. काकांनी त्यांना आत घेतलं आणि दार लोटलं. त्या चादरींच्या ढिगावरच बसल्या.

"मी चोर नाही हो ताई. फळ्यावर सात मुद्दे आले त्या रात्री भाऊंनी मला आणि कंडक्टर दादांना वेगवेगळा क्रम सांगितला. हसत हसत. म्हणाले, पाठ करा, परीक्षा आहे. आणि जाताना म्हणाले, वहिनी, दुकानाची जागा कुणाची ते लक्षात असू द्या. नवरा अंथरुणावर आहे माझा. दुकान गेलं तर आम्ही खायचं काय?"

"मग ऐकलं का नाहीत त्यांचं?" मी विचारलं. विचारल्यावर लाज वाटली.

"ऐकणारच होते. पेन हातात घेतलं तेव्हासुद्धा ऐकणारच होते. पण इतके दिवस तुम्ही सगळे आम्हाला म्हणत होता ना, तुमचं मत सांगा, तुमचं मत सांगा. मला तर कुणी भाजी कुठली करू हेसुद्धा कधी विचारलं नव्हतं. आडोशामागे गेले आणि हात वळेचना त्यांच्या आकड्यांकडे. मी लिहिलं, पहिलं..."

"थांबा!" काका एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले. "काय लिहिलं ते सांगायचं नाही. आम्हालाही नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

"पेटी जाळून का नाही टाकलीत?" जरा वेळाने काकांनी विचारलं. "पलीकडे बंब आहे."

"लोकांची मतं होती त्यात. आजींचं होतं. माझं एकटीचं असतं तर कालच घातलं असतं."

पेटी मिळाली होती आणि माझी काळजी आणखीच वाढली होती. पेटी वर नेऊन उघडली तर पडद्यावर वहिनींचा क्रम येणार नाही आणि भाऊंना कळणार. नाही नेली तर सभा बरखास्त. उपसचिवांना तर चोराचं नावही हवं होतं. भाऊंचं नाव घ्यावं तर पुरावा काय? कंडक्टर नाही म्हणणार, कारण त्यालाही त्याच गावात राहायचंय. आणि साक्ष द्यायला उभ्या राहणार कोण, तर वहिनी. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

"कागद न दाखवता मोजू," मी म्हणाले.

"भाऊ हट्ट धरतील. पत्रकारही धरतील. आणि कंडक्टरचं मत धाकातलंच राहील."

वरच्या मजल्यावर खुर्च्या ओढल्याचे आवाज यायला लागले. मंडळी सभागृहात जमत होती. स्वयंपाकघरातून कुणीतरी रिकामे डबे फरशीवर आपटत होतं. तो आवाज ऐकता ऐकता मला जे सुचलं, ते इतकं साधं होतं की मी त्यावर विश्वासच ठेवला नाही. मी ते काकांना सांगितलं. त्यांनी दोनदा उलटसुलट करून बघितलं, जसे ते भाजी बघत.

"चालेल," ते म्हणाले. "पण पेटी गेली होती हे तुम्हाला सगळ्यांसमोर सांगावं लागेल. साहेब तुम्हाला सोडणार नाहीत."

"माहीत आहे," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा वाटला.

७

पत्रकार आले होते. पडद्यावर यंत्राचा पांढरा चौकोन पडला होता. मी पेटी टेबलावर ठेवली तेव्हा उपसचिवांच्या चेहऱ्यावरचं समाधान उतरलं. भाऊ पहिल्या रांगेत होते, मांडीवर वही आणि हातात पेन.

"ही पेटी रात्रभर आणि सकाळभर कपाटात नव्हती," मी म्हणाले. सभागृहात कुजबुज झाली. "किल्ली मी खिळ्याला अडकवून ठेवली होती, ती चूक माझी. सील शाबूत आहे. पण जी पेटी नजरेआड होती, तिच्यातली मतं मोजून देशाचा कायदा करा असं मी म्हणू शकत नाही. ती न उघडता नष्ट होईल. आपण आत्ता, इथेच, पुन्हा मतदान करू."

"पेटी नेली कुणी?" उपसचिव उभे राहिले.

"ते मी सांगणार नाही."

"तर मग मी अहवालात तुमचं नाव घालीन."

"घाला साहेब. फक्त शुद्ध लिहा, म्हणजे झालं."

कुणीतरी हसलं.

मग मी स्वयंपाकघरातले सात डबे ओळीने मांडले. झाकणांना चिरा पाडल्या होत्या आणि प्रत्येकावर एकेका मुद्द्याचं नाव लिहिलं होतं. प्रत्येकाला सात चिठ्ठ्या मिळतील, एक ते सात आकड्यांच्या, सगळ्यांना सारख्या छापील. आडोशामागे जायचं आणि प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी टाकायची. ज्या मुद्द्याला पहिला नंबर, त्या डब्यात एकची चिठ्ठी. मग डबा हलवायचा, सगळ्यांसमोर उलटा करायचा आणि आकड्यांची बेरीज. सगळ्यात कमी बेरीज ज्याची, तो मुद्दा वर.

मंडळींना समजायला फार वेळ लागला नाही. गवंडी म्हणाला, हे कालच करायला हवं होतं, निदान लिहायची कटकट नाही.

भाऊ उभे राहिले. हसू होतं तसंच होतं. "पण ताई, यात आख्खा कागद कुठेच दिसत नाही. पारदर्शकतेचं काय?"

"मोजणी उघडीच होणार आहे भाऊ," काका मागून म्हणाले. "एकूणएक चिठ्ठी पडद्यावर दाखवू. फक्त कुठली कुणाची, ते कळणार नाही. तुम्हाला कुणाचं काय ते बघायचं होतं का?"

पत्रकारांनी माना वळवल्या. भाऊंनी वही मिटली.

"छे छे," ते म्हणाले. "मला कशाला?"

मतदान झालं. वहिनींची पाळी आली तेव्हा आडोशामागून डब्यांत एकेक चिठ्ठी पडल्याचे आवाज फार सावकाश आले. कंडक्टर दादा आत गेले ते बाहेरच येईनात. मी काळजीने दोनदा विचारलं, तर आतून म्हणाले, "थांबा हो, विचार करतोय."

निकाल काय लागला ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्यावर अजून भांडणं चालू आहेत. मला जे पहिलं यावंसं वाटत होतं ते तिसरं आलं. सरांचं दुसरं आलं आणि त्या आनंदात त्यांनी सर्वांदेखत बिस्किट खाल्लं. स्थिर सरकार मधेच कुठेतरी राहिलं. उपसचिवांनी अहवालात माझं नाव घातलं, पुढे कुठल्याही कामावर नेमू नये अशी शिफारस जोडून. ते वाचल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही, हे खोटं कशाला बोलू.

निघताना सगळे बसपाशी उभे होते. भाऊ वहिनींची पिशवी उचलून घ्यायला पुढे झाले, तसे ते मदतीला नेहमीच पुढे. मी मागेच होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"काय वहिनी? मी सांगितलं होतं तसंच टाकलंत ना?"

वहिनींनी पिशवी त्यांच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"हो भाऊ. अगदी तसंच."

भाऊ हसले. मग त्यांनी कंडक्टर दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, "मीपण." भाऊंनी पुन्हा वहिनींकडे बघितलं. पिशवी हातात धरून ते तसेच उभे राहिले आणि ती दोघं बसमध्ये चढून आपापल्या जागेवर जाऊन बसली.